समोरचा खेळाडू विचार करत आहे

मिशी भाड्यानं मिळते. परत करताना धुऊन द्यावी लागते.

आमच्या हॉलमध्ये टाय घातलेल्या एका अनोळखी माणसाचा मोठा फोटो आहे. तो माणूस कोण हे घरात कोणालाही सांगता येत नाही.

बायकोनं प्लगवर चिकटवलेली चिठ्ठी: 'हा काढणाऱ्यानं आपलं सामानही काढावं.'

"आपल्या वडिलांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

राजाला पळायला एकच घर शिल्लक आहे.

"आत्या, हलू नकोस. श्वास घे, पण हलू नकोस."

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाटेल. त्या आठवड्याआधी मलाही तसंच वाटलं असतं.

बाबा दुपारच्या झोपेत गेले, त्याला तीनेक आठवडे झाले होते. भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. आई सोफ्यावर, तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात, फोनकडे बघत बसली होती. मी चहा नेऊन दिला. वर न बघता ती म्हणाली, "विचार करतायत अजून."

"कोण?"

तिनं फोन माझ्याकडे वळवला. बुद्धिबळाचा पट होता. त्याखाली हिरव्या पट्टीत अक्षरं होती: समोरचा खेळाडू विचार करत आहे.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, की हे खूळ मीच घरात आणलं. आईबाबा रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत. आईला बुद्धिबळ आपण शिकवलं, असं बाबा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, अगदी गॅसची टाकी घेऊन आलेल्यालाही. आई काही बोलत नसे. खेळ छान रंगे. पण आई जिंकायला आली, की नेमकी त्याच वेळी बाबांना ढांग टाकायची, पेपर उघडायची किंवा कोपरानं काहीतरी खाजवायची गरज पडे, आणि पट उलटा होई. "अरेरे," बाबा म्हणत. "डाव चांगला चालला होता." इतक्या वर्षांत आई एकदाही जिंकली नव्हती. ती हरली मात्र पुष्कळदा होती, कारण ती हरत असताना पट अगदी सिमेंटमध्ये बसवल्यासारखा स्थिर राही.

म्हणून मी दोघांच्या फोनवर तो खेळ टाकून दिला. फोनमधला पट काही कोपरानं उलटत नाही. मग दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून दोन फोनवर एकमेकांशी खेळू लागले. बाबांनी खेळीची मुदत निवडली ती सगळ्यांत लांबची, एक महिना. हरायची वेळ आली की ते विचार करू लागत. जेवताना, फिरताना, दाढी करताना विचार करत. 'खेळा की,' असं आईनं म्हटलं की, 'घाई करून खेळायला ही काय लगोरी आहे?' असं विचारत.

"या वेळी जरा मोठाच पट उलटवला त्यांनी," आई म्हणाली.

मी पट पाहिला. बाबांच्या राजाची अवस्था लग्नात चुकीच्या पंगतीला बसलेल्या माणसासारखी झाली होती. कोपऱ्यात सरकणं एवढी एकच खेळी त्याला उरली होती. ती केली की आईचा हत्ती खाली येणार आणि मात होणार.

"रविवारी त्यांची मुदत संपते," आई म्हणाली. "मग डाव बंद. मी विजयी, असं ते आपोआप लिहून टाकणार."

"मग जिंकलीसच की."

"समोरचा खेळला नाही म्हणून जिंकणं, हे काय जिंकणं? मला मात करायचीय."

"कोणाला?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्यांना," आई म्हणाली. "दुसरं कोण बसलंय समोर?"

काम एवढंच होतं. बाबांचा फोन उघडायचा, राजा एक घर सरकवायचा, फोन ठेवून द्यायचा. मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. नळाचा वायसर बदलणं हे माझं मागचं दोन मिनिटांचं काम होतं. त्यानंतर आम्ही आठवडाभर शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो.

बाबांचा फोन आई सवयीनं रोज चार्ज करत आली होती, पण त्याला कुलूप होतं. एक तर चेहरा दाखवा, नाहीतर चार आकडे टाका. आकडे कोणाला माहीत नव्हते. मी आधी मोठ्या खात्रीनं माझी जन्मतारीख टाकली, कारण मी एकुलता एक आहे. नाही चालली. बायकोनं त्यांच्या लग्नाची तारीख सुचवली, तीही नाही. मग आईची जन्मतारीख टाकणार तेवढ्यात आई म्हणाली, "ती नको टाकूस. उगाच एक वेळ फुकट जाईल. त्यांना ती माहीत नव्हती."

मी फोन घेऊन नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "पुसून कोरा करून देतो," तो म्हणाला.

"पुसायचा नाही. उघडायचा आहे."

"मग चेहरा आणा."

"चेहरा... आता उपलब्ध नाही."

त्याला कळलं. त्यानं हळहळून मान हलवली आणि आवाज खाली आणून, जणू फोनला ऐकू जाऊ नये अशा बेतानं सांगितलं, "एक करा. हा बंद पडू देऊ नका. एकदा बंद पडून चालू झाला, की मग चेहरा चालत नाही, आकडेच लागतात. महागाचे फोन तर मधूनमधून स्वतःच आकडे मागतात. हा स्वस्तातला आहे, त्याला एवढी अक्कल नाही. म्हणून आशा आहे."

त्या दिवसापासून बाबांचा फोन टीव्हीशेजारच्या प्लगला कायमचा लागला आणि घरात अतिदक्षता विभाग सुरू झाला. येताजाता प्रत्येक जण बॅटरी बघे. "शंभर आहे," असं बायको मला ऑफिसात कळवी. मी समाधानानं जेवत असे.

फोन चालू असल्यामुळे त्याच्या काचेवर बाबांना निरोप येतच होते. रोज सकाळी चालण्याचा हिशेब ठेवणारं काहीतरी म्हणे, 'काल तुम्ही शून्य पावलं चाललात. आज नक्की जमेल.' बुद्धिबळवाले म्हणत, 'बरेच दिवस दिसला नाहीत. सगळं ठीक आहे ना? आम्हाला तुमची आठवण येते.'

"बघ," आई म्हणाली. "एवढी चौकशी तुझ्या मामानंही केली नाही."

मी बुद्धिबळवाल्यांच्या मदत केंद्राला लिहिलं. तिथं माणूस नसतो, एक यंत्र असतं, आणि ते फार गोड बोलतं. मी लिहिलं, "माझे वडील वारले आहेत. त्यांची एक खेळी करायची आहे."

"आपल्या वडिलांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," उत्तर आलं. "खेळाडू निधन पावला असल्यास त्याच्या नोंदवलेल्या फोनवर आम्ही एक प्रश्न पाठवू. खेळाडूनं स्वतः 'हो' दाबून खात्री करावी."

टीव्हीशेजारी बाबांचा फोन टिंग वाजला. काचेवर आलं: 'आपण निधन पावला आहात का? उत्तर देण्यासाठी फोन उघडा.'

मी यंत्राला पुन्हा लिहिलं, की निधन पावलेला माणूस हो कसं म्हणेल? यंत्र म्हणालं, "उत्तर न आल्यास खेळाडू हयात समजला जाईल. आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

तोपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती. आमच्याकडे बातमी पसरवावी लागत नाही. जिन्यात कुकरच्या वासासारखी ती आपोआप वर चढते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडसर आले. खालच्या काकू आल्या.

"सोपं आहे," काकू म्हणाल्या. "फोटो दाखवा फोनला. माझ्या भाच्यानं असंच उघडलं होतं."

म्हणून आम्ही बाबांचा फोन, चार्जरची वायर जपत, भिंतीवरच्या फोटोसमोर धरला. 'चेहरा ओळखता आला नाही.' फोटो खाली उतरवला. खिडकीपाशी नेला. 'चेहरा ओळखता आला नाही.'

इथं फ्रेमवाल्याबद्दल बोलणं भाग आहे. बाबांचा धड असा फोटोच नव्हता. घरचे सगळे फोटो तेच काढत, आणि एखाददुसऱ्या फोटोत ते होते तिथं त्यांचे डोळे मिटलेले होते. शेवटी कोणाच्या तरी लग्नातला एक फोटो सापडला. त्यात बाबा मागच्या रांगेत काहीतरी चावत उभे होते. फ्रेमवाला म्हणाला, चिंता सोडा, कॉम्प्युटरवर सगळं होतं. आणि सगळं झालं. त्यानं तोंडातला घास काढला. सुरकुत्या काढल्या. डोळ्यांत चमक घातली. केस दिले. अंगात कोट चढवला, टाय बांधला. मागं एक निळंशार सरोवर आलं. फोटो घरी आला तेव्हा आईनं बराच वेळ पाहून विचारलं होतं, "माणूस चांगला दिसतोय. कोण आहे?"

थोडक्यात, हे आमचे बाबा नव्हेत, असं फोनचं म्हणणं होतं, आणि त्याचं बरोबरच होतं.

"मग जिवंत चेहराच हवा," हेडसर म्हणाले, आणि हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलो आहे: अगदी बापाचा चेहरा घेऊन आलाय. शाळेतले मास्तर म्हणत, दुकानदार म्हणत. बाबांनी कुठं उधारउसनवारीत वाद घातला असेल, तर तिथले लोक मला बघून आधीच चिडत. आयुष्यभर सोसलेल्या या चेहऱ्याचा कधीतरी उपयोग होणार, असं मला नेहमी वाटायचं. मी केसांवरून हात फिरवला आणि फोनसमोर उभा राहिलो.

'चेहरा ओळखता आला नाही.'

"कपाळाला आठ्या घाल," हेडसर म्हणाले.

"ओठ जरा बाहेर," काकू म्हणाल्या. "ते नेहमी असे, भाजी महाग असल्यासारखे दिसत."

"हनुवटी आत घ्या," बायको म्हणाली. "आणखी. तुमची आहे तेवढी सगळी घ्या."

पाच वेळा चुकलं की फोन अर्धा तास रुसून बसे. त्या अर्ध्या तासात चर्चा होई. दुसऱ्या दिवसापर्यंत चर्चेला खुर्च्या कमी पडू लागल्या. लोक स्वतःचा चहा घेऊन येत. मी बाबांचा चष्मा लावला, त्यातून मला काही दिसेना, तेव्हा मी तीन वेळा टेबललॅम्पकडे बघून आठ्या घातल्या. शेवटी हेडसरांनी फळ्यावर उत्तर लिहिल्यासारखं सांगितलं, "मिशी."

बाबांना मिशी होती. मला नाही. वाढवायला वेळ नव्हता.

नाटकाचं सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानदारानं मला खुर्चीत बसवलं. "भूमिका?"

"वडील."

"प्रेमळ की कडक?"

मी विचार केला. "बुद्धिबळात हरत असलेले."

तो मुळीच चकित झाला नाही. त्यानं एक खोका उघडून, उंदीर उचलावा तशी दोन बोटांनी एक करडी मिशी काढली. "ही तीन अंकी नाटकात घामानंही सुटत नाही," तो म्हणाला. ही जाहिरात आहे असं मला वाटलं. ती सूचना होती.

मिशीसकट फोनसमोर उभा राहिलो. 'चेहरा ओळखता आला नाही.' पाच वेळा. मग मिशी काढायला गेलो, तर ती निघेना. गरम पाणी झालं, तेल झालं. काकूंनी नेलपॉलिश काढायचं औषध आणलं, त्यानं माझ्या ओठावरचं कातडं सुटायला लागलं, मिशी नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सोमवारी या, ते औषध मंडळी दौऱ्यावर घेऊन गेलीत."

मी वजनकाटे तपासणाऱ्या कचेरीत कामाला आहे. दुसऱ्या दिवशी तपासणीला बाजारात गेलो. ज्या वाण्याचा काटा मी दरवर्षी तपासतो, तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "तुम्ही नेहमीचे साहेब नाही."

"मीच आहे."

"ओळखपत्र."

मी ओळखपत्र दाखवलं. त्यावर मिशी नव्हती. त्यानं ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, परत ओळखपत्र बघितलं आणि काटा उचलून आत ठेवला. फोन म्हणत होता मी बाबा नाही. वाणी म्हणत होता मी मी नाही. भर बाजारात मी कोणीच नसलेला असा उभा राहिलो. जवळच्या काट्यावर तेवढं माझं वजन मात्र बरोबर भरलं.

शनिवारी वीज गेली.

फोन शंभरवर होता हे खरं, पण जुन्या बॅटरीचं शंभर म्हणजे तोंडावर दिलेला शब्द. तासाभरात तो चाळीसवर आला. वीस. आई फोन मांडीवर घेऊन बसली होती. काचेवर साठलेली धूळ अंगठ्यानं पुसत होती. मी इमारतीत ज्याच्या त्याच्या दाराची कडी वाजवत सुटलो. "चार्ज आहे का कोणाकडे?" मिशीतल्या मला लोक आधी दार लावून घेत, मग आवाज ओळखून उघडत. शेवटी हेडसर धापा टाकत खाली आले. त्यांच्या हातात त्यांच्या सुनेची पॉवर बँक होती आणि त्यांच्यामागं सून होती, कारण तिला विचारलेलं नव्हतं. फोन दोनवर असताना वायर लागली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. हेडसर म्हणाले, "वाचला." सून म्हणाली, "माझी उद्या परत द्या."

उद्या म्हणजे रविवार.

रविवारी दुपारी आत्या आली. ही बाबांची धाकटी बहीण. बाबांचं आणि तिचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. कारण दोघांनाही आठवत नव्हतं, त्यामुळे ते मिटवताही येत नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी ती रुमाल तोंडाला लावून घटकाभर बसून गेली होती. आज इमारतीतली बातमी कशी कोण जाणे तिच्या गावापर्यंत चढली होती.

आत येऊन तिनं माझ्या मिशीकडे पाहिलं. "हे काय सोंग?"

मी सगळं सांगितलं. बापाचा चेहरा वगैरेही सांगितलं.

"कोण म्हणालं?" आत्या म्हणाली. "तू कुठं दादासारखा? तू सगळा वहिनीवर गेलायस. दादाला मिशी होती म्हणून लोकांना तेवढंच दिसायचं, आणि तुला तर तीही नाही."

आयुष्यभराचा दाखला एका वाक्यात रद्द झाला. मी खुर्चीत बसलो. काकूंनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "खरंच की. नाक वहिनींचंच आहे." ज्यांनी इतके दिवस माझ्या हनुवटीची मापं काढली, त्यांनी हे बोलावं.

"असाच होता दादा," आत्या बोलतच होती. "हरायची वेळ आली की सगळ्यांना कामाला लावायचा. लहानपणी माझी भातुकली उधळायचा. किती वाजले? माझी बस आहे." तिनं टीव्हीशेजारचा फोन उचलून, कपाळाला आठ्या घालून, ओठ बाहेर काढून, हनुवटी आत घेऊन वेळ बघितली.

टक.

कुलूप उघडल्याचा तो आवाज बाबा गेल्यापासून आम्ही कोणी ऐकला नव्हता.

"आत्या, हलू नकोस," मी म्हणालो. "श्वास घे, पण हलू नकोस."

"का? झुरळ आहे?"

फोन परत मिटू नये म्हणून बायकोनं धावत जाऊन काचेवर बोट ठेवलं. आम्ही सगळे आत्याभोवती गोळा झालो. उघडला होता तो थेट बुद्धिबळाचा पट. बाबांनी फोन शेवटचा ठेवला तेव्हा हाच उघडा असणार. पण पट अंधुक होता, आणि त्याच्यावर एक चौकोन आला होता. त्यात लिहिलं होतं:

'हार मान्य आहे? हो / नाही.'

हा प्रश्न आपोआप येत नाही. वरच्या कोपऱ्यात एक पांढरं निशाण आहे, ते दाबलं की येतो.

"दादानं?" आत्या म्हणाली. तिला बसावं लागलं. फोनही तिच्याबरोबर बसला, बायकोचं बोटही.

मी आईकडे पाहिलं. तिनं चष्मा नीट केला आणि वाकून चौकोन वाचला, मग परत वाचला.

"चुकून लागलं असेल," ती म्हणाली. "त्यांचा अंगठा फार जाड होता."

"आई, ते निशाण चुकून लागत नाही. आधी..."

"जाड होता म्हणते ना."

"मग काय करू?"

"नाही दाब."

मी 'नाही' दाबलं. पट लख्ख झाला. मी राजाला धरून कोपऱ्यात सरकवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत, हे मी बायकोला नंतर दाखवून दिलं, पण तिनं मनावर घेतलं नाही.

आईचा फोन तिच्या मांडीवर वाजला. 'तुमची खेळी.' हेडसर पुढं सरसावले. काकूंनी हात जोडले. आता हत्ती खाली येणार.

आईनं पट पाहिला, फोन मिटला आणि पिशवीत ठेवला.

"वहिनी, कर की मात," आत्या म्हणाली. "माझी बस गेली या नादात."

"करेन. महिना आहे माझ्याकडे. घाई करून खेळायला ही काय लगोरी आहे?"

टीव्हीशेजारच्या फोनवर, बाबांच्या बाजूनं, हिरव्या पट्टीत आलं: समोरचा खेळाडू विचार करत आहे. बायकोनं वायर परत लावली आणि चिठ्ठीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

मुदत संपायच्या दिवशी आईनं खेळी केली. हत्ती जागचा हलला नव्हता. तिनं कडेचं एक प्यादं एक घर पुढं ढकललं होतं. त्या प्याद्याचा कशाशी काही संबंध नव्हता.

"आई, मात समोर दिसतेय," मी म्हणालो.

"तू मध्ये पडू नकोस. डाव आमचा आहे."

म्हणजे आता खेळी पुन्हा बाबांची. म्हणजे फोन उघडायला आत्या. आत्या महिन्याला येऊ लागली आहे. फोन तोंडासमोर धरते, टक होतं, मग चहा पीत दादाच्या वतीनं विचार करते. गेल्या खेपेला तिनं राजा हलवल्यावर, 'तशी नव्हे, परत घेते,' असा हट्ट धरला. मग परत घेता येत नाही म्हणून रागावून ट्रे सरकवला, आणि चहा पॉवर बँकेवर सांडला. "अरेरे," ती म्हणाली. "डाव चांगला चालला होता." आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

पॉवर बँक हेडसरांच्या सुनेची होती. मिशी सोमवारी निघाली, धुऊन परत केली.

बाबांना बुद्धिबळ आईनं शिकवलं, लग्नाच्या आधी, तिच्या माहेरच्या गच्चीवर; पहिला डाव बाबा हरले होते.